सामुदायिक चलन आणि कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामुदायिक चलन कशाला म्हणायचे, आणि त्यात कराचा प्रश्न कोठून येतो?

एखाद्या गावातले, शहरातले किंवा व्यवसायातले लोक आपसांतील देवघेवीसाठी सरकारी चलनाच्या जोडीला हिशेबाचे स्वतःचे साधन तयार करतात, त्याला सामुदायिक, स्थानिक किंवा पूरक चलन म्हणतात. त्याची रूपे एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. कॅनडातील कोमॉक्स खोऱ्यात मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या ‘लेट्स’ पद्धतीत नोटा नव्हत्याच. काम करणाऱ्याच्या खात्यात जमा आणि करून घेणाऱ्याच्या खात्यात नावे, एवढीच नोंद होई. अमेरिकेतील इथाका येथे १९९१ पासून छापील ‘इथाका अवर’ चालले व एक अवर दहा डॉलरच्या बरोबरीचा धरला गेला. स्वित्झर्लंडमधील ‘विर’ हे १९३४ पासूनचे चलन लहान-मध्यम उद्योगांनी एकमेकांना पत देण्यासाठी उभे केले. टाइम बँकेत तर किमतीचा प्रश्नच नसतो. एका तासाच्या कामाची परतफेड दुसऱ्या तासाने होते, मग ते काम वकिली सल्ल्याचे असो की बागेतील तण काढण्याचे.

कराचा प्रश्न येतो तो चलनामुळे नव्हे, तर त्याच्या मागे झालेल्या विक्रीमुळे किंवा कामामुळे. कर अधिकाऱ्याला नोटेवर कोणाचे चित्र आहे याच्याशी कर्तव्य नसते. कोणी कोणाला काय दिले, ते धंद्याच्या ओघात दिले का आणि त्याचे मोल किती, एवढेच तो विचारतो. पुढील बहुतेक उत्तरे या तीन प्रश्नांभोवतीच फिरतात.

पण रुपये हातात आलेच नाहीत, तर कर कशावर?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यामागची समजूत चुकीची आहे. उत्पन्न म्हणजे रोख रक्कम, असे कोणत्याही प्रमुख देशाच्या करकायद्यात म्हटलेले नाही.

अमेरिकेच्या महसूल खात्याने १९७९ च्या एका निर्णयात याचे सुबोध उदाहरण दिले आहे. विनिमय मंडळाचे दोन सभासद आहेत, एक वकील आणि एक घरांना रंग देणारा. वकिलाने रंगाऱ्याचे कायद्याचे काम केले, रंगाऱ्याने वकिलाचे घर रंगवले, आणि पैशाची देवघेव झाली नाही. तरीही दोघांनी, आपल्याला मिळालेल्या सेवेचा बाजारभाव आपापल्या उत्पन्नात दाखवला पाहिजे, असे खात्याने सांगितले. त्याच निर्णयात दुसरे उदाहरण आहे : घरमालकाने एका चित्रकाराला सहा महिने भाडे न घेता राहू दिले व त्याबदल्यात त्याने काढलेली कलाकृती घेतली. येथे मालकाला भाड्याचे आणि चित्रकाराला कलाकृतीच्या विक्रीचे उत्पन्न झाले, असे धरले गेले.

भारतातही तत्त्व हेच आहे. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम २८ च्या चौथ्या उपकलमाप्रमाणे धंद्यातून किंवा व्यवसायातून मिळालेल्या लाभाचे मूल्य, तो लाभ पैशात बदलता येवो अथवा न येवो, उत्पन्नात धरले जाते. गंमत अशी की २०१८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र यांच्या प्रकरणात वाद नेमका उलटा होता. हे उपकलम रोख नसलेल्या लाभांपुरते आहे, पैशाच्या रूपातील कर्जमाफीला ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, आणि मग २०२३ च्या वित्त कायद्याने रोख लाभही त्यात घालावे लागले. म्हणजे आपल्याकडे रोख नसलेला लाभ करपात्र असण्याबद्दल शंका नव्हती. शंका होती ती रोख लाभाबद्दल. (या लेखातील कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये क्रमांक बदलले आहेत.)

मोबदला वस्तूंच्या रूपाने दिला म्हणजे टीडीएसची, म्हणजे मोबदला देतानाच त्यातून कर कापून सरकारकडे भरण्याची, जबाबदारी टळते, असेही नाही. कांचनगंगा सी फूड्स या कंपनीने परदेशी कंपनीची मासेमारी जहाजे भाड्याने घेतली होती व भाडे म्हणून ८५ टक्के हिस्सा पकडलेल्या मासळीतून जात होता. आपण परदेशी कंपनीला पैसे दिलेच नाहीत, तर कर कापायचा कशातून, हा कंपनीचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. जहाजाचे भाडे मासळीत चुकते होऊ शकत असेल आणि तरी कर लागत असेल, तर तालुक्यातल्या विनिमय गटाच्या ‘गुणां’ना, म्हणजे सभासदांच्या खात्यात जमा होणाऱ्या गटाच्या चलनाला, वेगळा न्याय मिळेल अशी आशा धरू नये.

मग शेजाऱ्याला केलेली मदतही करपात्र ठरते का?

नाही. परंतु ‘नाही’ आणि ‘होय’ यांच्यामधली रेघ कोठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक गट याच रेषेच्या आसपास वावरतात.

या रेषेवरचा सर्वांत गाजलेला खटला फ्रान्समधला आहे. तेथील आरिएज भागात १९९४ मध्ये स्थानिक देवघेवीचा पहिला गट सुरू झाला. त्यातील दोन सभासदांनी तिसऱ्या सभासदाच्या घराचे छप्पर दुरुस्त करून दिले आणि मोबदला गटाच्या चलनात घेतला. कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते भरणाऱ्या कारागिरांना ही सरळ चोरटी स्पर्धा वाटली. प्रकरण न्यायालयात गेले. फ्वा येथील न्यायालयाने १९९८ च्या आरंभी सभासदांना बेकायदा मजुरीबद्दल दोषी धरले आणि त्याच वर्षी तुलूझच्या अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. एकदाच केलेली, स्वतःच्या पेशाबाहेरची, हातभार लावण्यासारखी मदत वेगळी आणि आपला नेहमीचा धंदाच गटाच्या चलनात करणे वेगळे, ही विभागणी पुढे फ्रान्समध्ये रूढ झाली.

ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याची भूमिका जवळपास अशीच आहे : छंद म्हणून किंवा घरगुती पातळीवर केलेली मदत उत्पन्नात येत नाही, प्लंबरने प्लंबिंगचेच काम करून गुण मिळवले तर ते येते, आणि एक गुण साधारणपणे एका डॉलरइतका धरला जातो. ब्रिटनमध्ये टाइम बँकेत साठलेले तास कराच्या हिशेबात धरले जात नाहीत. त्यामागे व्यवहारी कारण आहे. वकिलाचा तास आणि माळ्याचा तास एकाच मोलाचा असेल, तर त्या तासाला बाजारातली किंमत लावणेच निरर्थक होते. शिवाय परतफेड मागण्याचा कायदेशीर हक्क तेथे कोणालाच नसतो.

आपल्याकडची सावड आणि इर्जिक या बाजूची आहेत. आज तुझ्या शेतावर माझी बैलजोडी, उद्या माझ्या शेतावर तुझी. जुन्नर-भीमाशंकर पट्ट्यात पडकईच्या पद्धतीने भातखाचरे बांधताना होते तेही हेच. यात कोणी कोणाला सेवा विकत नाही, कामाचा भाव ठरत नाही आणि शेतीचे उत्पन्न कलम १०(१) खाली तसेही करमुक्त आहे. अशा गोष्टींना ओढूनताणून ‘व्यवहार’ ठरवण्याचे कारण नाही. बलुतेदारीला मात्र सामुदायिक चलनाचा पूर्वज म्हणून मिरवण्याचा मोह काही मंडळींना होतो, तो आवरावा हे बरे. खळ्यावरच्या धान्याचा वाटा जातीने ठरलेल्या कामाशी बांधलेला होता आणि नको म्हणण्याची सोय बलुतेदाराला नव्हती. स्वेच्छेने सभासद होणाऱ्या गटाशी त्याची तुलना जुळत नाही.

जीएसटी लागतो का? किंमत कशी ठरवायची?

केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७ मध्ये ‘पुरवठा’ या संज्ञेत विक्रीबरोबर वस्तुविनिमय आणि अदलाबदल हे शब्द सरळ लिहिलेले आहेत. मोबदला पैशात असो की अन्य रूपात, व्यवहार धंद्याच्या ओघात झाला असेल तर तो पुरवठा ठरतो. त्यामुळे जीएसटी क्रमांक असलेल्या सभासदाला ‘आम्ही पैसे घेत नाही’ हा बचाव उपलब्ध नाही. ज्याची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे, त्याला अर्थात ही चिंता नाही; महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी ही मर्यादा ४० लाख रुपये आणि सेवांसाठी २० लाख रुपये आहे. एक खबरदारी घ्यावी : ही उलाढाल मोजताना गटाच्या चलनातील विक्रीही धरावी लागते.

मूल्य काढण्यासाठी जीएसटीच्या नियमावलीत नियम २७ आहे, आणि नियमातच दिलेली उदाहरणे कोणत्याही भाष्यापेक्षा स्पष्ट आहेत. जुना फोन देऊन २० हजार रुपयांत नवा फोन मिळतो आणि जुना न देता तोच फोन २४ हजारांना पडतो, तर नव्या फोनचे करपात्र मूल्य २४ हजार. लॅपटॉपच्या बदल्यात ४० हजार रुपये आणि घेणाऱ्याने स्वतः तयार केलेला, ४ हजार रुपये किमतीचा प्रिंटर मिळाला आणि लॅपटॉपचा खुला बाजारभाव ठाऊक नसला, तर मूल्य ४४ हजार. पहिल्या उदाहरणात दिलेल्या वस्तूचा बाजारभाव पाहिला जातो; तो कळत नसेल तेव्हा दुसऱ्याप्रमाणे मिळालेल्या मोबदल्याची बेरीज केली जाते.

गटाच्या चलनाला हे लावले की गणित सोपे होते. एक गुण म्हणजे एक रुपया असे गटाने ठरवले असेल आणि सभासद रोख ग्राहकाला जो भाव लावतो तोच गुणांतही लावत असेल, तर वाद उद्भवत नाही. अडचण होते ती दोन भाव ठेवल्यावर. रोखीने ८०० रुपयांचे काम गुणांत १,००० ला करणारे सभासद प्रत्येक गटात असतात, कारण गुण खर्चायला जागा कमी म्हणून ते मनातल्या मनात त्यांचे मोल उतरवतात. कर खाते ८०० धरेल की १,०००, हा वाद ओढवून घेण्यापेक्षा एकच भाव ठेवणे शहाणपणाचे.

गुण जमा झाले तेव्हा कर की ते खर्च केले तेव्हा?

जमा झाले तेव्हा. अमेरिकेच्या महसूल खात्याने १९८० मध्येच विनिमय मंडळाच्या खात्यात जमा झालेले गुण हे जमा होताच उत्पन्न आहे, असे स्पष्ट केले. सभासदाला ते लगेच, अन्य सभासदांकडून काहीही घेण्यासाठी वापरता येतात, हे त्याचे कारण. भारतात व्यापारी पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण काम झाले, बिल झाले की येणे निर्माण होते. रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या डॉक्टर-वकिलांना वाटते की गुण ‘वटवल्या’शिवाय काहीच मिळाले नाही, पण खर्च करण्याचा पूर्ण अधिकार हातात आला, म्हणजे मोबदला मिळाला असे मानले जाण्याची शक्यताच अधिक आहे.

सामुदायिक चलनातच कर भरता येतो का?

क्वचित, आणि तोही स्थानिक स्वराज्य संस्थेपुरता. पण जेथे हे घडले तेथे चलनाला जे बळ मिळाले ते पाहता हा प्रश्न सविस्तर उत्तराला पात्र आहे.

ऑस्ट्रियातील व्योर्गल या छोट्या शहरात १९३२ च्या मंदीत बेकारी वाढली, नागरिकांकडे कराची थकबाकी साचली आणि नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली. महापौर मिखाएल उंटरगुगेनबेर्गर यांनी जुलै १९३२ मध्ये नगरपालिकेच्या ‘श्रमपावत्या’ काढल्या आणि रस्ते व इतर सार्वजनिक कामांची मजुरी त्यांतून दिली. तेवढ्याच शिलिंगांची ठेव स्थानिक बँकेत तारण होती. प्रत्येक पावतीवर दर महिन्याला तिच्या दर्शनी किमतीच्या एक टक्क्याचे तिकीट चिकटवावे लागे, नाही तर ती पूर्ण किमतीला चालत नसे. शिलिंगात बदलून घ्यायची तर दोन टक्के कापले जात. या सगळ्यामुळे पावती घरात ठेवण्यापेक्षा खर्च करणे परवडत असे, आणि खर्च करण्याची हमखास जागा म्हणजे नगरपालिकेची करखिडकी. लोकांनी तेथे रांगा लावून जुनी थकबाकी चुकती केली. काहींनी पुढचा कर आगाऊ भरला. आलेल्या पावत्यांतून नगरपालिकेने पुन्हा मजुरी दिली. आसपासच्या गावांनी हा प्रयोग उचलण्याची तयारी सुरू केल्यावर नोटा काढण्याच्या आपल्या एकाधिकाराला बाध येतो म्हणून ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेने तो १९३३ मध्ये बंद पाडला.

या प्रयोगाचे गोडवे गाणारे लोक बहुधा मासिक तिकिटावरच थांबतात. माझ्या मते खरा कणा करखिडकीचा होता. दुकानदार ती पावती घेत होता कारण तिने आपला कर फिटतो हे त्याला ठाऊक होते, आणि नगरपालिका ती घेऊ शकत होती कारण तिच्याकडे त्याच पावतीत मजुरी घेणारे कामगार होते. यातला एक दुवा तुटला तर कराच्या रूपाने परत आलेले स्थानिक चलन पालिकेच्या कपाटात पडून राहते.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल पौंड २०१२ मध्ये सुरू झाला. तेथील नगरपालिकेने व्यावसायिक मालमत्ताकर व पुढे घरांवरील कौन्सिल टॅक्सही त्यात स्वीकारला आणि महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी आपला पगार त्यात घेतला. तरी त्या पगारावरचा प्राप्तिकर ब्रिटनच्या खजिन्यात स्टर्लिंगमध्ये, म्हणजे सरकारी पौंडातच, गेला. २०२१ मध्ये ते चलन बंद झाले. फ्रान्सने २०१४ च्या कायद्याने स्थानिक पूरक चलनांना मान्यता दिली असली, तरी तेथेही राष्ट्रीय कर युरोतच भरावे लागतात.

महाराष्ट्रात घरपट्टी, पाणीपट्टी, व्यवसायकर हे सारे रुपयांतच भरायचे असतात आणि ग्रामसभेने ठराव केला म्हणून त्याऐवजी गटाचे गुण चालणार नाहीत. उलट्या दिशेने मात्र थोडी मोकळीक आहे : छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबांना दळण मोफत करून दिले, आणि कराची वसुली वाढवण्याचा तो मार्ग राज्यभर चर्चेत आला. ते चलन नव्हे. पण कर आणि स्थानिक मोबदला यांची सांगड कायद्याच्या चौकटीत कशी घालता येते, याचा नमुना म्हणून तो पाहण्याजोगा आहे.

उत्पन्न गुणांत आणि कर रुपयांत, ही तोंडमिळवणी करायची कशी?

सामुदायिक चलने ज्या खडकावर आपटतात तो हाच. यासाठी स्वित्झर्लंडच्या विर पद्धतीकडे पाहावे, कारण तेथील व्यावसायिकांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या वागण्याची रीत बसवली आहे.

एका विर फ्रँकची किंमत एका स्विस फ्रँकइतकी धरली जाते आणि मूल्यवर्धित कर पूर्ण दर्शनी किमतीवर लागतो. कर भरायचा मात्र स्विस फ्रँकमध्ये. समजा, एका सुताराने १०,००० फ्रँकचे काम केले. २०२४ पासूनच्या ८.१ टक्के दराने त्यावर ८१० फ्रँक कर होतो, म्हणजे बिल १०,८१० चे. गिऱ्हाइकाने ते सगळे विरमध्ये चुकते केले, तर सुताराच्या खात्यात भरपूर विर असूनही कराच्या रकमेसाठी, कारागिरांच्या पगारासाठी आणि सामाजिक विम्यासाठी त्याला फ्रँक दुसरीकडून आणावे लागतील. म्हणून तेथील व्यावसायिक बिलाचा ठरावीक भागच विरमध्ये घेतात. सुताराने ४० टक्के विर घ्यायचे ठरवले, तर ४,३२४ विर आणि ६,४८६ फ्रँक येतात. कर, पगार व बाहेरून घेतलेल्या मालाचे पैसे फ्रँकच्या भागातून सुटतात आणि विरचा भाग सभासद लाकूडवाल्याकडे किंवा गवंड्याकडे खर्च होतो.

आपल्याकडे हेच चित्र असे दिसेल. जीएसटी क्रमांक असलेल्या सनदी लेखापालाने गटातील खाणावळवाल्याचे २० हजार रुपयांचे काम केले. १८ टक्क्यांनी जीएसटी ३,६०० रुपये. खाणावळवाल्याने २३,६०० गुण दिले, तरी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत पोर्टलवर रुपयेच भरावे लागतात, आणि तेथे गुणांचा रकाना नाही. शिवाय वर्षअखेरीस २० हजारांवरचा प्राप्तिकर आहेच. यावर साधा तोडगा म्हणजे कराचा भाग नेहमी रुपयांत घ्यावा आणि मूळ रकमेचाही काही हिस्सा रुपयांत घ्यावा. किती, हे ज्याच्या त्याच्या कराच्या टप्प्यावर आणि रोख खर्चावर अवलंबून आहे. जे गट ‘सगळे शंभर टक्के आपल्याच चलनात’ असा आग्रह धरतात, त्यांचे चांगले कमावते सभासद पहिल्या मार्चअखेरीलाच काढता पाय घेतात.

आमचा गट मोबाइल अ‍ॅपवर टोकन देतो. त्याला क्रिप्टोचा कर लागेल का?

लागू शकतो, आणि हा धोका बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. २०२२ च्या वित्त कायद्याने कलम २(४७अ) मध्ये आभासी डिजिटल मालमत्तेची जी व्याख्या घातली, ती जाणीवपूर्वक व्यापक ठेवली आहे. भारतीय किंवा परकीय चलन नसलेली, मूल्याचे डिजिटल रूप असलेली कोणतीही माहिती, संकेत, क्रमांक किंवा टोकन, मग ते गूढलेखनाने तयार झालेले असो ‘किंवा अन्यथा’, त्यात येते. ब्लॉकचेन वापरली नाही म्हणजे आपण सुटलो, असे त्यामुळे म्हणता येत नाही. ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने भेटकार्डे, व्हाउचर, बक्षीस गुण, विमान प्रवासाचे मैल आणि संकेतस्थळांची वर्गणी यांना वगळले. सामुदायिक चलनाचे नाव त्या यादीत नाही.

टोकन या व्याख्येत बसले, तर हस्तांतरणातील नफ्यावर कलम ११५बीबीएच प्रमाणे सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार व उपकर. मूळ खरेदीकिंमत वगळता कोणतीही वजावट नाही आणि तोटा दुसऱ्या कशाशी वळता करता येत नाही. कलम १९४एस खाली एक टक्का टीडीएसची जबाबदारीही येते. वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत, आणि ठरावीक उलाढालीच्या आतील व्यक्तींच्या बाबतीत ५० हजारांपर्यंत, ती लागत नाही.

टोकनचे मोल कायम एक रुपयाच राहत असेल तर नफा निघत नाही, हे खरे. टीडीएसचे लचांड मात्र तरीही मागे लागू शकते. गावातल्या गटाने विकता-हस्तांतरित करता येणारे टोकन काढण्यापेक्षा सभासदांच्या येण्या-देण्याची साधी खातेवही ठेवावी, असे मी सुचवेन. ‘टोकन’ हा शब्द फॅशनमध्ये आहे म्हणून वापरणे महागात पडू शकते.

कर्मचाऱ्यांचा पगार सामुदायिक चलनात देता येईल का?

नाही. वेतन चालू नाण्यांत, नोटांत, धनादेशाने, बँक खात्यात किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच द्यावे, असे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात मूळ तत्त्व होते आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही ते कायम आहे. मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांवर मजुरांना राबवण्याची जुनी प्रथा जगभर होती, तिला रोखण्यासाठी असे कायदे आले. पगाराव्यतिरिक्त दिलेले गुण नोकरीतून मिळालेला लाभ म्हणून करपात्र ठरतील व मालकाला त्यांचे मूल्य धरून टीडीएस कापावा लागेल.

नोटा छापल्या तर?

हा कराचा विषय नाही, पण विचारला नेहमी जातो. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम ३१ ने धारकाला मागताक्षणी पैसे देण्याचे वचन असलेली चिठ्ठी किंवा हुंडी काढण्यास खाजगी व्यक्तींना बंदी आहे. धातूची नाणी पाडण्यास नाणे कायदा, २०११ ची बंदी आहे. सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेट देणारा दुकानदार या कलमात येत नाही. ‘हे आणून द्या आणि दहा रुपये घ्या’ असे छापणारा येऊ शकतो.

गटाला, म्हणजे संस्थेलाच, कर लागतो का?

सभासदांकडून घेतलेली वर्गणी आणि सेवाशुल्क यांचा विचार सभासदांच्या आपसांतील व्यवहारांपासून वेगळा करावा लागतो. संस्था आणि सभासद एकच, म्हणून त्यांच्यात विक्री होऊच शकत नाही, हा युक्तिवाद पूर्वी चालत असे. २०२१ च्या दुरुस्तीने जीएसटी कायद्यात कलम ७(१)(अअ) घालून, तेही १ जुलै २०१७ पासूनच्या प्रभावाने, संस्थेने सभासदाला मोबदल्यात दिलेली सेवा हा पुरवठा ठरवण्यात आला. या दुरुस्तीच्या वैधतेला न्यायालयांत आव्हान दिले गेले आहे. लहान गटाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपर्यंत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हा प्रश्न मोठ्या व्यापारी विनिमय संस्थांचाच आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे १९८२ च्या कायद्यापासून व्यापारी विनिमय संस्थेला प्रत्येक सभासदाच्या व्यवहारांची माहिती ‘१०९९-बी’ या विवरणातून महसूल खात्याला कळवावी लागते; वर्षाला शंभरपेक्षा कमी व्यवहार असणाऱ्या संस्थेला यातून सूट आहे. म्हणजे सभासदाने उत्पन्न दाखवले नाही, तरी खात्याकडे आकडा आधीच पोचलेला असतो.

नोंदी कशा ठेवाव्यात?

प्रत्येक व्यवहाराची तारीख, कोणी कोणाला काय दिले, किती गुण आणि त्याचे रुपयांतील मूल्य, एवढे चार रकाने पुरतात. मात्र रुपयांचा रकाना त्याच दिवशी भरावा. वर्षअखेरीस आठवून बाजारभाव लिहिण्यात अर्थ नाही. जीएसटी क्रमांक असेल तर बिल रुपयांतील मूल्यावर करावे आणि भरणा गुणांत झाल्याचे खाली लिहावे. दुसऱ्या बाजूने, धंद्यासाठी गुण देऊन घेतलेल्या मालाचा किंवा सेवेचा खर्च वजावटीस पात्र असतो, हे सभासद विसरतात. खाणावळवाल्याने गुण देऊन लेखापालाचे काम करून घेतले, ते रोखीने करून घेतले असते तर जसा खर्च टाकला असता, तसाच येथेही टाकावा. घरच्यासाठी घेतलेल्या गोष्टींना हे लागू नाही.

गट बंद पडला आणि खात्यात गुण तसेच राहिले, तर?

दोन बाजू आहेत. ज्याच्या खात्यात जमा शिल्लक आहे त्याने त्या गुणांचे उत्पन्न आधी दाखवून कर भरलेला असेल, तर ते येणे बुडाल्याचे पुस्तकात लिहून कलम ३६(१)(सात) खाली बुडीत कर्जाची वजावट मागता येते. त्यासाठी ती रक्कम पूर्वी उत्पन्नात धरलेली असणे ही पहिली अट आहे. ज्याने गुण कधी उत्पन्नात दाखवलेच नाहीत, त्याला वजावट मागता येणार नाही. उणे शिल्लक असलेल्या व्यावसायिकाची गोष्ट उलटी आहे. त्याने इतरांकडून माल व सेवा घेतल्या, त्यांचा खर्च टाकला आणि परतफेड आता करायचीच नाही, असे झाले, तर ते सुटलेले देणे कलम ४१(१) खाली त्या वर्षाचे उत्पन्न ठरू शकते. म्हणूनच गटाच्या घटनेत उणे शिल्लक किती असू शकते याची मर्यादा, आणि सभासद बाहेर पडताना ती रुपयांत फेडण्याची तरतूद, सुरुवातीलाच लिहून घ्यावी.